बांगड्यांमागचं घड्याळ

नाथाजी हवालदाराचं घड्याळ त्याच्या बायकोच्या हातात गेलं ते पहिल्या दिवशी चुकून. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यात चुकून असं काही राहिलं नाही.

घड्याळ म्हणजे तसं घड्याळ नव्हे. काळा रबरी पट्टा आणि त्यावर इवलीशी काच. ते पावलं मोजायचं, छातीचे ठोके मोजायचं, माणूस झोपला की त्याची झोपसुद्धा मोजायचं, आणि फोनच्या जवळ आलं की सगळी मोजदाद थेट साताऱ्याला शिवांजलीच्या फोनवर जाऊन पडायची. शिवांजली ही नाथाजीची एकुलती एक लेक, साताऱ्यात बँकेत नोकरीला. दिवाळीनंतर नाथाजीच्या छातीत कळ आली, सांगलीला नेऊन आत स्प्रिंग टाकावी लागली, तेव्हापासून पोरीच्या जिवाला घोर लागला होता. डॉक्टर म्हणाले, चालणं वाढवा, खाणं कमी करा. शिवांजलीनं घड्याळ आणलं, बापाच्या मनगटावर बांधलं आणि म्हणाली, "आबा, आता मी लांब आहे असं समजू नका. मला तिथून सगळं दिसणार आहे."

सगळं दिसणार म्हटल्यावर नाथाजी मनातून चरकला. कारण दिसण्यासारखं फार काही नव्हतं. फौजेत असताना जन्माचं पळून झालंय, आता बसायचे दिवस, हे त्याचं ठाम मत. कडेगावच्या अलीकडच्या त्या गावात त्याचा दिवस महंमद टेलरच्या दुकानातल्या बाकड्यावर जायचा. शेजारी भज्यांचा गाडा, समोर रस्ता, तोंडात गप्पा. ऊस, दोन म्हशी आणि घर हे सगळं बायकोच्या, रंगूबाईच्या अंगावर होतं, आणि ते तसंच असायचं असतं असं दोघांनाही वाटत होतं.

एके सकाळी आंघोळीला जाताना त्यानं पट्टा न्हाणीच्या कोनाड्यात काढून ठेवला आणि तो तिथंच विसरला. रंगूबाईला सापडला. हरवला तर लेक बोलेल म्हणून तिनं तो आपल्याच मनगटावर बांगड्यांच्या मागं अडकवला आणि ती वैरणीला गेली. दिवसभर बांधावरून, म्हशींच्या मागनं, विहिरीवर, गोठ्यात. संध्याकाळी फोन वाजला.

"आबा, शाब्बास! काय चाललात हो आज! मी बँकेत सगळ्यांना दाखवलं."

नाथाजी गडबडला. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलंही होतं. पण शाब्बास असं त्याला किती वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तो शब्द त्याच्या कानात असा काही गोड उतरला की तोंडातून निघालं, "व्हय, चाललो खरा."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच पट्टा रंगूबाईपुढं धरला.

"ह्ये राहू दे तुझ्याच हातात."

"आवं, लेकीनं तुमास्नी दिलंय."

"तू हिंडतीयासच की दिवसभर. तेवढंच पोरीला बरं वाटंल. न्हाईतर रोज माझ्या मानगुटीवर बसती."

रंगूबाईनं मनगट उलटसुलट करून बघितलं आणि ती हसली. "मलाच घेतल्यावानी दिसतंय," ती म्हणाली. मग तिनं ते रात्रीही काढलं नाही, कारण शिवांजली झोपही बघायची आणि नाथाजीला म्हणे पट्ट्यानं खाज सुटायची.

हे वाईट आहे असं नाथाजीला फारसं वाटलं नाही, आणि त्यालाही कारण होतं. फौजेत किटचं इन्स्पेक्शन असायचं. साहेब येणार म्हटलं की जवान एक लखलखीत मग, एक न वापरलेली चादर, एक कोरा टॉवेल मांडून ठेवायचे. रोजचा पोचे पडलेला मग दुसरीकडं दडवलेला. दाखवायचं वेगळं, वापरायचं वेगळं. साहेबालाही हे ठाऊक असायचं, आणि तरी तो मान हलवून पुढं जायचा. तेच नाथाजीनं घरात आणलं. शिवांजलीला प्रत्येक जेवणाआधी ताटाचा फोटो लागायचा, तर रंगूबाई आधी इन्स्पेक्शनचं ताट वाढायची. एक भाकरी, पालेभाजी, काकडीच्या चकत्या. फोटो गेला की मागनं भात यायचा, भातावर तूप यायचं. चौकातली भजी पोटात असली की मात्र नाथाजीला ह्यातलं काहीच संपायचं नाही. मग तो उठायचा आणि रंगूबाई त्याच ताटात जेवायला बसायची. उरलेला भात, अर्धी भाकरी, आणि वर आपलं. लग्न झाल्यापासून ती तशीच जेवत आली होती. अन्न टाकायचं तिच्या जिवावर यायचं.

शिवांजली रोज फोन करायची. आबा कसे आहात, आबा गोळी घेतली का, आईला सांगा तुमच्या भाजीत मीठ कमी घाल. एवढं झालं की फोन ठेवायची.

महंमदनं मात्र एकदा हेरलं. "हवालदार, हातातलं कुठं गेलं?"

नाथाजीनं फुशारकीनं सगळं सांगितलं. महंमद मशीन थांबवून हसला. "म्हंजे माप वैनीचं आन् सदरा तुझा! झ्याक बसला की रं गड्या." दोघंही पोटभर हसले.

मग उन्हाळा लागला आणि शिवांजलीचा आवाज बदलला.

"आबा, रात्री किती वेळा उठता तुम्ही? मला झोपेत सारखे खंड दिसतायत."

नाथाजी उठत नव्हता. तो लाकडासारखा झोपायचा. पण मध्येच कधी जाग आली की शेजारचं अंथरूण रिकामं दिसायचं, परसदाराची कडी वाजायची, मग घागरीवरचं झाकण वाजायचं. दोन-तीनदा त्यानं विचारलंही होतं. "उन्हाळा हाय, तहान लागती," रंगूबाई म्हणायची आणि तो कुशीवर वळायचा.

"पाणी प्यायला उठतो," तो आता फोनवर म्हणाला.

"एवढी तहान लागते? थकल्यासारखं होतं का?"

त्यानं चुलीजवळ बसलेल्या बायकोकडं बघितलं. ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. पूर्वी दिवसाउजेडी कधी टेकायची नाही.

"व्हय, जरा थकल्यावानी हुतंय," तो म्हणाला. बायकोचं दुखणं त्यानं आपलं म्हणून सांगितलं. आणि फोन ठेवल्यावर त्यानं काय केलं असेल? चहा मागितला.

पावलांचा आकडाही उतरत चालला. शिवांजली रागवायला लागली, आबा तुम्ही आळशी झालात, आबा असं चालणार नाही. रागवून घेण्याची नाथाजीची सवय मोडली होती. एका संध्याकाळी त्यानं घड्याळाची काच बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय गं, आज आकडा लय कमी पडलाय."

"आज पाय उचलंना झालाय. बोटाजवळ फोड आलाय बगा."

"दुखतोय का?"

"दुखत न्हाई. बधिर झाल्यावानी हाय."

"मग विहिरीपतुर एक चक्कर मारून ये की. पोरीचा फोन यायच्या आत."

रंगूबाईनं चपलेत पाय सरकवला आणि ती निघाली. तो सोप्यात बसून चहा पीत तिला बघत राहिला. बांधावरून ती हळूहळू गेली, एका पायावर जास्त भार देत. त्याला लाज वाटली नाही असं नाही. वाटली. उठून तिला हाक मारावी आणि पट्टा आपल्या हातात घालावा असंही वाटलं. पण तेवढ्यात ती वळून परत यायला लागली होती, आणि आता कशाला, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

त्या आठवड्यातच शिवांजली रजा टाकून गाडी घेऊन आली. म्हणाली, सांगलीला जायचं, सगळ्या तपासण्या करायच्या. "रोज सकाळी उठून आधी फोन बघते मी, आबा. तुमचे ठोकेपण वाढलेत. मला काही सुचत नाही." तिचे डोळे सुजलेले होते.

शिवांजली गाडी वळवत होती तेवढ्यात रंगूबाईनं दाराआड पट्टा काढून नाथाजीच्या हातात बांधला. तिच्या मनगटावर त्याची पांढरट खूण उमटली होती. तिनं पदर ओढून ती झाकली.

"तूबी चल की," तो म्हणाला. एवढं तो म्हणाला खरा.

"मी कशाला? म्हशी कोण बघंल? आन् मला काय धाड भरलीय?"

सांगलीत रक्त झालं, लघवी झाली, छातीच्या ठोक्यांची पट्टी निघाली. दुपारी डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पुढं घेतले. साखर ठीक, किडनी ठीक, हृदय तर झकास. मग त्यांनी शिवांजलीच्या फोनवरचे झोपेचे आलेख पाहिले, पुन्हा कागद पाहिले.

"ह्या दोन्हींचा मेळ बसत नाही. आजोबा, पट्टा तुम्हीच घालता ना?"

देवानं आणखी किती सोपं करून द्यायचं? लेक शेजारी, डॉक्टर समोर, प्रश्न नेमका तोच. शिवांजली त्याच्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर नुकतंच, कितीतरी दिवसांनी, जरा हसू आलं होतं.

"व्हय जी," तो म्हणाला.

"मग पट्ट्यालाच दुरुस्तीला न्या," डॉक्टरीणबाई हसल्या. झोपेची एक हलकी गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

परतताना शिवांजली गाडीत रडली. आनंदानं रडली. नाथाजी खिडकीबाहेर बघत राहिला. तासगाव गेलं, ऊस गेला, द्राक्षाच्या बागा गेल्या, आणि प्रत्येक वळणाला त्याला वाटत होतं की आता सांगू. घर आलं तरी त्यानं सांगितलं नव्हतं.

रंगूबाई दारातच उभी होती. "काय म्हणलं डॉक्टर?"

"सगळं छान आहे आई! काही नाही आबांना."

रंगूबाईनं तिथंच हात जोडले. आत जाऊन देवापुढं साखर ठेवली आणि चिमूट चिमूट वाटायला आणली. लेकीच्या तोंडात घातली. नवऱ्यापुढं हात केला तर शिवांजली ओरडली, "आबांना नको गं!" मग तिनं हसत हसत नवऱ्याच्या वाट्याची आणि वाटीत उरलेली सगळी आपल्याच तोंडात टाकली. त्यावर तांब्याभर पाणी प्याली, एका दमात, आणि लगेच दुसरा तांब्या भरायला वळली. तिच्या पायाला हळदीनं पिवळं झालेलं फडकं बांधलेलं होतं. शिवांजली फोनवर साताऱ्याला आपल्या नवऱ्याला रिपोर्ट चांगले आल्याचं सांगत होती. तिनं ते पाहिलं नाही. नाथाजीनं पाहिलं.

निघताना तो गाडीच्या खिडकीपाशी गेला. "शिवांजली, जरा थांब."

"काय आबा?"

तिच्या तोंडाला अजून साखर लागलेली होती. "काय न्हाई," तो म्हणाला. "सावकाश जा."

त्या दिवसापासून मात्र नाथाजी सुधारला. पट्टा त्यानं परत बायकोला दिला नाही. सकाळी उठून तो खरोखर विहिरीपर्यंत चालायचा, परत यायचा. इन्स्पेक्शनचं ताट बंद झालं. फोटोत असेल तेवढंच तो खायला लागला. रंगूबाई रिकामं मनगट चोळत म्हणाली, "मोकळं मोकळं वाटतंय," पण तिची नजर एक-दोनदा त्याच्या हाताकडं गेली. आणि साताऱ्याहून फोन आला, "आबा, तुम्हाला सलग झोप लागायला लागली! गोळीचा गुण आला बघा."

लबाडी थांबवली की फिटलं, असं माणसाला वाटतं. नाथाजीलाही वाटलं. पण त्यानं केलं काय, हे नीट बघा. रंगूबाई रात्री किती उठते, दिवसा किती थकते, ह्याच्यावर लक्ष ठेवणारं त्या घरात ते घड्याळ एकच होतं. भले चुकीच्या नावानं का होईना, ते रोज साताऱ्याला ओरडून सांगत होतं. तेवढंही त्यानं काढून घेतलं, आणि ते प्रामाणिक होण्याच्या नादात.

एकदा त्यानं तिला विचारलं, "पाय डॉक्टरला दाखवू या का?" ती म्हणाली, म्हस व्याल्यावर बघू. तिनं नको म्हटल्याचं त्याला बरं वाटलं, कारण डॉक्टर सतरा प्रश्न विचारतात. हे बरं वाटणं त्याला पुढं जन्मभर पुरणार होतं.

म्हस व्याली. चार दिवसांनी रंगूबाई गोठ्यात खरवसाचं दूध काढता काढता बसल्या जागी कलंडली. तिला उचलून आणताना फडकं सुटलं आणि वास आला. पायाची दोन बोटं काळी पडली होती. नाथाजी महंमदच्या दुकानाकडं धावला, त्या वयात, अनवाणी. महंमदनं गिऱ्हाइकाचं कापड तसंच टाकलं आणि गाडी काढली.

गाडी रस्त्याला लागल्यावर नाथाजीनं फोन लावला. रंगूबाईचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

"पोरी, सांगलीला चाललोय. तुझ्या आईला घिऊन."

"आईला? आईला काय झालं?"

"शिवांजली, ती झोप माझी नव्हती."

"कसली झोप? आबा, आईला काय झालंय ते सांगा."

"तू बघायचीस ती. रातचं उठणं, तहान, ते ठोकं. चालणं सुदीक. समदं तुझ्या आईचं हुतं. घड्याळ तिच्या हातात हुतं, मी घातलंतं."

पलीकडून फोन कटला. महंमदनं आरशातून एकदा मागं पाहिलं आणि नजर रस्त्यावर वळवली. मापाची ती थट्टा दोघांनाही आठवली असणार. कुणी काढली नाही.

रंगूबाईची साखर इतकी वाढली होती की यंत्रानं आकडाच दाखवला नाही. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्या चिडल्या. "हे कितीतरी महिन्यांचं आहे. घरात कुणालाच काही कळलं नाही?"

शिवांजली तोवर येऊन पोचली होती. "कळत होतं, डॉक्टर," ती म्हणाली. "मला रोज कळत होतं." बापाकडं तिनं पाहिलंही नाही. त्यानं मान खाली घातली. ती रागानं बोलली असती, चारचौघांत वाटेल ते बोलली असती, तर त्याला सोसलं असतं.

दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला.

तिसऱ्या दिवशी दुपारी रंगूबाई जरा शुद्धीवर होती. नाथाजी पलंगाजवळच्या स्टुलावर बसून होता. तो तिथून हलत नव्हता. तिची नजर त्याच्या मनगटावर गेली.

"आवं, ते तुमच्या हातात कशाला?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "द्या हिकडं. पोरगी बोलंल तुमास्नी." सलाईनची सुई टोचलेला हात तिनं चादरीवरून पुढं केला. मग पायाच्या बँडेजकडं बघून ओशाळल्यागत म्हणाली, "पर आता काय दिवस आकडा कमी पडंल हां."

फौजेत, वडील गेले तेव्हा, स्वतःच्या छातीत कळ आली तेव्हा, कधी न रडलेला तो माणूस तिचा हात धरून रडायला लागला. "माझं चुकलं गं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ती बिचारी घाबरली. ह्यांच्या छातीत परत दुखायला लागलं की काय, म्हणून सिस्टरला हाक मारायला लागली.

शिवांजली दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, बापाच्या मनगटावरचा पट्टा तिनं सोडवला आणि आईच्या हातात बांधला. इथं बांगड्या काढून ठेवलेल्या होत्या, पट्टा सैल झाला, तिनं शेवटच्या छिद्रात घट्ट केला. मग पलंगाच्या कडेवर बसून फोन काढला आणि 'आबा' हे नाव खोडून तिथं 'आई' लिहिलं. फोननं पुढची माहिती मागितली. वडिलांच्या वेळी हे सगळं तिनं कुणाला न विचारता भरलं होतं. आता तिचं बोट थांबलं.

"आई, तुझं वजन किती गं?"

रंगूबाईला हसू आलं. "मला कोण तोलतंय, बाई?" ती म्हणाली. मग जरा विचार करून तिला आठवलं. "सरकारी दवाखान्यात एकदा काट्यावर उभी केलती. पर त्यात तूबी हुतीस. पोटात."

शिवांजलीनं फोन पालथा ठेवला आणि आईच्या कुशीत तोंड लपवलं. नाथाजी स्टुलावरून उठला. डबा आला होता. त्यानं झाकण उघडलं, बायकोचं ताट वाढलं, आणि ती जेवेपर्यंत तिथंच उभा राहिला.